डावा कान

माझ्या मित्राचा डावा कान मी फोडला. यवतमाळच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघं शिकवतो, तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत, दुपारी चार वाजता. रागाच्या भरात झालं, असं लोक समजुतीने म्हणतात. मी म्हणत नाही. तो राग मी वर्षानुवर्षं पोसलेला होता.

मारेगावच्या आमच्या घरात शब्दाआधी हात चालायचा. बाप शाळामास्तर. दाराजवळच्या खुंटीवर बैलाचा कासरा टांगलेला असे. बैल केव्हाच विकले होते, कासरा आमच्यासाठी ठेवला होता. बापाने नुसती टोपी काढायला खुंटीकडे हात नेला तरी आम्ही भावंडं माना आत घ्यायचो. मी असा होणार नाही, अशी शपथ मी पाठीवर वळ असताना घेतली होती. शपथा काय, ढीगभर घेता येतात.

मित्र घाटंजीचा. मी फिजिक्स शिकवतो, तो कॉम्प्युटर. पुण्याच्या एका गटाबरोबर आम्ही क्वांटम कॉम्प्युटरवर काम करत होतो. यंत्र परदेशात, आम्ही इथून प्रोग्राम पाठवायचा, तिकडून शून्य आणि एकच्या रांगा उत्तर म्हणून यायच्या. त्या यंत्रातले क्युबिट, म्हणजे शून्य-एकची माहिती धरून ठेवणारे सूक्ष्म घटक, फार नाजूक. जराशी ऊब, जरासा धक्का, की बिघडले. कुठला बिघडला हे ओळखणारा प्रोग्राम आमच्या वाट्याला आला होता. नियम एकच होता: एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं आणि खाली ‘पाहिलं’ असं लिहायचं. त्याशिवाय काही पुढे जायचं नाही.

आजवर सगळं आमच्याच कॉम्प्युटरवर तपासून झालं होतं. खऱ्या यंत्रावर पहिल्यांदा चालवलं आणि पुण्याच्या गटप्रमुख मॅडम ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हणाल्या, “तुमचं सगळं उलटं येतंय. धडधाकट क्युबिट तुम्ही बिघडलेले दाखवताय. आकड्यांना शेवटी हात कुणी लावला?”

शेवटचा हात मित्राचा होता. मीटिंग संपली आणि मी उठलो.

“आकडे तू बदलवले.”

“नाही बे. मी कायले बदलवू?”

“चोराच्या उलट्या बोंबा.”

“अबे, पहिले वाचून त घे. तू न वाचताच बोलून राह्यला.”

तो शांत होता. त्या शांतपणानेच माझं डोकं फिरलं. मी कानशिलात हाणली. तो खुर्चीसकट कलंडला. उठू लागला तेव्हा कॉलर धरून पुन्हा हाणली, त्याच बाजूला, आणि ढकलला. त्याचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. कानातून रक्त निघून शर्टाच्या खांद्यावर उतरलं. तो ओरडला नाही. “झालं का?” एवढंच म्हणाला. शिपायाने त्याला मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं. मी गेलो नाही. लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा बरं वाटत होतं.

त्याच भरात मी मॅडमना मेल पाठवला: याने आकडे फिरवले, आपल्या संशोधनाच्या पेपरवरून याचं नाव काढा. मग पुरावा जोडावा म्हणून जुन्या नोंदी उघडल्या. पहिल्याच महिन्यात त्याने लिहून ठेवलं होतं: “ते यंत्र रांग उजवीकडून मोजतं, आपण डावीकडून. उत्तर वाचायचा भाग तुझा आहे, तो बदल.” त्याखाली मी लिहिलं होतं, ‘पाहिलं’. मी काहीच पाहिलं नव्हतं. घाई होती, बाहेर चहा आला होता.

लगेच दुसरा मेल लिहिला. चूक माझी, लबाडी कुणाचीच नाही, आणि मी त्याला मारलं. मॅडमचं उत्तर दोन ओळींचं होतं. त्याचं नाव राहील. तुमच्या नावाचं काय करायचं ते तो ठरवेल.

दवाखान्यात त्याने जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं होतं. पडदा फाटलाय, आतलंही दुखावलंय, हा कान आता गेला म्हणून धरा, असं डॉक्टर म्हणाले. मी खाटेशी उभा राहून माफी मागितली. तो छताकडे पाहत राहिला.

“उजवीकडून ये,” तो म्हणाला. “इकडून मले काही आयकू येत नाही.”

मी खाटेला वळसा घालून तेच पुन्हा म्हटलं.

“आयकलं,” तो म्हणाला. “तुहं नाव राहू दे. काम त तूही केलं.”

महिन्याभराने तो परत आला. आम्ही रांग उजवीकडून वाचायला बसलो. खोली तापली होती. त्याच्या मागच्या भिंतीवर पंख्याचं बटण होतं, ते दाबायला मी हात वर केला.

त्याने मान आत घेतली. डोळे गच्च मिटले. चाळिशीचा माणूस.

“पंखा लावतोय,” मी उजव्या बाजूला होऊन म्हणालो.

“लाव,” तो म्हणाला. पण माझा हात खाली येईस्तोवर त्याने डोळे उघडले नाहीत.