अर्थिंगचं पाणी

त्या दुष्काळात आमची गाण्याची पार्टी मोडली. ढोलकीवाला ऊसतोडीला गेला, पेटीवाला पुण्याला. एकटा उरलो म्हणून मी लूपर घेतला. पायानं दाबायचं यंत्र ते. आपण डफावर ठेका धरायचा, यंत्र तोच घोकत बसतं. त्यावर दुसरा ठेका चढवायचा आणि मग गायचं.

आमच्या वस्तीनं गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत चेअरमनच्या विरोधात मतं टाकली होती. पाण्याचा टँकर सोसायटीच्या हातात. निकालानंतर तो आमच्याकडं वळायचा बंद झाला. विचारलं तर म्हणे, रस्ता खराब आहे. आई लांबच्या विहिरीवरून कळशी आणायची आणि उंबऱ्यात बसून गुडघे चोळायची. ते बघत मी मनातल्या मनात चेअरमनला रोज आडवा करायचो. प्रत्यक्षात त्याचं काही वाकडं करणं माझ्या हातात नव्हतं.

अशात सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन निघालं. आसपास दुसरी पार्टीच उरली नव्हती, म्हणून स्वागतगीताला मला बोलावलं.

दुपारी सामान जोडलं आणि लूपर घुमायला लागला. एक ठेका चढवला की घूं, दुसरा चढवला की त्याहून मोठी घूं. वायर बदलली, माइक बदलला, काही फरक नाही. शेवटी अ‍ॅडॉप्टर काढून लूपरला बॅटरी लावली. घूं बंद. म्हणजे दोष विजेकडून येत होता आणि इलाज माझ्या खिशात मावत होता.

तेवढ्यात समोर लक्ष गेलं. पाहुण्यांच्या बुटांना धूळ लागू नये म्हणून टँकर मांडवापुढं पाणी शिंपडत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बॅटरी काढून खिशात टाकली, अ‍ॅडॉप्टर पुन्हा लावला आणि आवाज वाढवला.

चेअरमन तरातरा आले.

"कावून घुमतंय बे हे?"

"डीपीची अर्थिंग वाळलीय, साहेब. पाणी वतावं लागंल."

हे काही नवीन सांगणं नव्हतं. उन्हाळ्यात मोटार कुरकुरायला लागली की डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, बुडाशी अर्थिंगची तार जमिनीत जाते तिथं घागरभर पाणी ओतायचं, ही आमच्याकडची रीतच आहे.

"मग वता की बादलीभर."

"बादलीनं न्हाई भागत. लई खोल वाळलीय. टँकरच न्यावा लागंल."

डीपी आमच्या वस्तीच्या तोंडाशी आहे, हे मी बोललो नाही. त्यांना ते माहीत होतं. पण पाहुण्यांच्या गाड्यांनी वडवणी सोडल्याचा फोन येऊन गेला होता आणि गाण्याच्या प्रत्येक कडव्यात चेअरमनचं नाव होतं. त्यांनी टँकर सोडला. रस्ता खराब असल्याचं कुणाला आठवलं नाही.

मी आईला फोन लावला. "टँकर येतोय. भांडी भाईर काढ, सगळ्यायला सांग."

ड्रायव्हरनं अर्थिंगवर थोडं पाणी ओतलं. बाकीचं परत न्यायला बायांनी त्याला वाटच ठेवली नाही. रिकामा टँकर मांडवाशी परतला, तेव्हा मी वाकून लूपरला बॅटरी लावली.

"आता कसा खणखणीत झालाय," चेअरमन म्हणाले. मी त्यांचं नाव गोड गळ्यानं घेतलं, कडव्यामागून कडवं. मला लई बरं वाटलं. आजही वाटतं.

घरी आलो तर आई भरल्या रांजणाला टेकून बसली होती. मी सगळी हकीकत हसून सांगितली. ती हसली नाही.

"ती अर्थिंग परत कवा वाळंल रं?" तिनं विचारलं.