फॉर्मवरची उजवी बाहुली

मी असल्या गोष्टींची टिंगल करणारी बाई आहे, हे आधीच सांगते. सासूबाई माझ्या युनिफॉर्मवरून मीठ-मोहरी ओवाळतात तेव्हा मी त्यांना चिडवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

मी मूळची नागपूरची, लग्नानंतर कानडी मुलखात, येलहंक्यात. अॅम्ब्युलन्सवर टेक्निशियन आहे. गेल्या वर्षी दुपारी पावणेतीनच्या सुमारास पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतून कॉल आला — एका वर्कशॉपचा फिटर चहाच्या टपरीसमोर पायरीवरून पडला होता. पोचलो तर दारूचा भपकारा! उजव्या कानाच्या वर जरासं खरचटलेलं. नाव सांगत होता, मला शिव्याही देत होता. शुगर नॉर्मल, बीपी ठीक.

"प्यायलाय अक्का, स्वल्प झोपला की सरी होईल, ठीक होईल," आमचा ड्रायव्हर मंजुअण्णा म्हणाला.

त्या आठवड्यातला तो तिसरा पिणारा, मी वैतागले होते. त्याचा भाऊ घरी न्यायला तयार होता, मलाही बरंच वाटलं. 'हॉस्पिटलला नेत नाही' अशी सही घ्यायला फॉर्म त्याच्यापुढे धरला आणि डोळ्यांच्या बाहुल्यांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात दिसलं — उजवी पाच मिलिमीटर, डावी तीन. वेळ ३.१०.

मी टॉर्च खिशातून काढलाच नव्हता! खरं सांगते, दारुडा म्हटला की तो रकाना मी न बघताच भरायची, 'दोन्ही सारख्या'. घाणेरडी सवय. पण हे? एकच बाहुली मोठी, म्हणजे कवटीत रक्त साचत असण्याची भीती. घाईघाईने टॉर्च मारला. दोन्ही तीन-तीन. एकदम ठीक.

"मॅडम, सही कुठे करू?" भाऊ विचारत होता.

चुकून लिहिलं, खोडायचं, बस्स. पेन टेकवलंही... पण हात पुढे जाईना. "सही नको, गाडीत घ्या!" मी ओरडलेच. भाऊ भडकला, मंजुअण्णा कुरकुरला.

फ्लायओव्हर चढेपर्यंत शिव्या थांबल्या. तो घोरायला लागला.

"बघा, झोपला," भाऊ म्हणाला.

मी जोरात चिमटा काढला. डोळे उघडले नाहीत. टॉर्च मारला — डावी तीन. उजवी पाच. तेव्हा ३.३५ झाले होते.

मेंदूचे सर्जन असलेल्या हॉस्पिटलकडे गाडी वळवली, वाटेतूनच फोन केला. लगेच ऑपरेशन झालं. माणूस वाचला. डॉक्टर फॉर्म बघून म्हणाले, "३.१० लाच पकडलंत? व्हेरी गुड."

थकवा असेल, मनाने आधीच काही टिपलं असेल... नवऱ्याचं सगळं सुचवून झालं. पण नेमके तेच आकडे, पंचवीस मिनिटं आधी?

महिन्याने त्या फिटरची बायको मला शोधत आली. माझे हात धरून रडत होती, "अक्का, सगळे दारुडा म्हणाले, तुम्ही एकट्यांनीच त्यांना नीट बघितलं."

"सरी, सरी, रडू नका," एवढंच म्हणाले. मी बघितलंच नव्हतं, हे तिला कसं सांगायचं?