असोद्याची ओळख, जर्मन भाषेत

तापीच्या दोन्ही काठांवर जर्मन भाषेचा प्रसार एका माणसाने एकट्याने केला, आणि तो माणूस माझा आतेभाऊ आहे. सरकारने याची दखल घेतलेली नाही. सरकार कशाचीच दखल घेत नाही, पण तो वेगळा विषय आहे. आतेभाऊ असोद्याचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, जळगावच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर सुटे भाग बनवणारा. वर्कशॉपचा मालक धंदा गुंडाळून शेड भाड्याने द्यायच्या बेतात होता. म्हणजे दुसरी नोकरी मिळाली नाही तर याला घरच्या केळीच्या बागेत थोरल्या भावांचे हुकूम झेलत उभं राहावं लागणार होतं. तेवढ्यात नाशिकला एका जर्मन कंपनीच्या भागीदारीत कारखाना निघाला आणि जाहिरातीत छापून आलं, 'जर्मन येणाऱ्यास प्राधान्य'. जमीन आपली, पाणी आपलं, घाम आपला आणि मुलाखत मात्र जर्मनमध्ये! मी एक जळजळीत पत्रक काढलं आणि धुळ्याहून गठ्ठाभर त्याच्याकडे वाटायला पाठवलं. पत्रकाची मागची बाजू कोरी होती. त्याने सगळ्या गठ्ठ्यावर जर्मन शब्द लिहून काढले आणि निरोप धाडला, "कागद चांगला आहे, अजून पाठव."

जळगावात तेव्हा जर्मन शिकवणारं आम्हाला तरी कोणी सापडलं नाही. वर्कशॉपमध्ये एक जुनं जर्मन लेथ मशीन होतं आणि त्याचं तेलकट माहितीपुस्तक. पुण्याहून मागवलेला शब्दकोश शेजारी ठेवून त्याने ते पुस्तक तोंडपाठ केलं. आता माहितीपुस्तकात कोणी कोणाला 'कसे आहात' असं विचारत नाही. त्यामुळे याचं जर्मन सगळं सूचनांचं. घरी पाहुणा आला की हा हात जोडून, हसून, जर्मनमध्ये म्हणे, "झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा." पाहुण्यांना ते फार मोठं आदरातिथ्य वाटे. गोठ्याच्या दारावर त्याने 'सावधान' या अर्थाचा जर्मन शब्द खडूने लिहिला होता. म्हैस मुळीच मारकी नव्हती. एसटीत तो तिकीटही जर्मनमध्ये मागायचा. एकदा कंडक्टर म्हणाला, "भाऊ, ही गाडी जळगावच्या पुढे जात नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मुलाखतीत पहिल्यांदा 'स्वतःबद्दल सांगा' म्हणतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं, आणि तिथून सगळं बिघडलं. असोद्यात स्वतःबद्दल सांगायची एक रीत आहे. नवा माणूस आला की तो कोणाचा, आजोबा कोण, भाऊबंद कोण, मामाचं गाव कोणतं, हे आधी. तो स्वतः काय करतो, हे निघताना आठवलं तर विचारतात. आतेभावाने ही अख्खी ओळख जर्मनमध्ये रचली. खापरपणजोबांच्या विहिरीचं पाणी गोड कसं लागलं, हेही त्यात होतं. मी म्हणालो, "भाऊ, त्यांना तुझा मामा काय करायचाय?" मामा म्हणजे माझे वडील.

"मामा कळल्याशिवाय माणूस कळतो का?"

"लेथवर काय करतोस ते सांग ना."

"ते शेवटी. गेल्या गेल्या कामाचं बोलणं बरं दिसतं का?"

फाटकासमोर घोषणा द्यायच्या तयारीने मी नाशिकला सोबत गेलो. तो बाहेर आला तो घामाने भिजलेला आणि विलक्षण खूश. आतले आपले साहेब लोक घड्याळं बघत होते, पण म्हातारा जर्मन साहेब हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिला. भाऊबंद झाले, विहीर झाली, मामा झाले, आणि डिप्लोम्यापर्यंत पोचण्याआधीच वेळ संपली. संध्याकाळी निकाल सांगितला, नोकरी चाळीसगावच्या एका मुलाला मिळाली. त्याने दोन वाक्यांत ओळख उरकली होती.

मी तिथेच कंपनीविरुद्ध मजकूर जुळवायला लागलो. त्याने मला थांबवलं. "अरे, आजवर कुठल्या मुलाखतीत मला वाक्य पुरं करू दिलं कोणी? याने सगळं ऐकलं. आणि शेवटी एकच विचारलं, यात तुमच्या आईचं नाव नाही, काय नाव त्यांचं?"

असोद्याला पोचलो तेव्हा आत्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. ती मूळची आमच्या धुळ्याजवळच्या सोनगीरची, बोली अजून तिकडचीच. नोकरी हुकल्याचं ऐकून तिने नुसती मान हलवली. मग त्याने साहेबाचा प्रश्न सांगितला. आत्याचा हात शेंगांमध्येच थांबला.

"मंग तू कोनतं नाव सांगं? सासरनं का माहेरनं?"

लग्नात तिचं नाव बदललं होतं. तिला विचारलं नव्हतं. माहेरच्या नावाने हाक मारणारे आता एकटे माझे वडील उरले आहेत, आणि ते धुळ्याला असतात.

"माहेरचं," तो म्हणाला.

"साहेबले सांगं तसंच सांग बरं माले."

आतेभाऊ अंगणात सरळ उभा राहिला. शर्टाची कॉलर नीट केली आणि साहेबासमोर बोलावं तसं जर्मनमध्ये सावकाश बोलला. आत्याला त्यातलं नाव तेवढं कळलं. तिने शेंगा बाजूला सारल्या.

"आजून एक डाव सांग," ती म्हणाली.