खोटी हाळी द्यायची नाही

दुपारची वेळ होती. पांढुर्ण्याच्या माझ्या दुकानात मी एका पंपाच्या मोटरचं वाइंडिंग करत बसलो होतो, आणि फोनवर वैशालीच्या आबांचं नाव दिसलं. आबांनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलण्यासारखंही काही नव्हतं. त्यांच्या लेखी मी म्हणजे त्यांच्या लेकीला नादी लावणारा ड्रमवाला. "संजू, वैशू गेली रे," एवढं म्हणून ते थांबले. रडले नाहीत, फोनही ठेवला नाही, नुसते थांबून राहिले... "हो आबा, निघालोच मी," असं मी म्हणालो तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सौसरच्या तिच्या शिलाईच्या दुकानात मशीनवर बसल्या बसल्याच तिनं मान टाकली, आणि नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती तिनं.

तिला जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. वैशाली आठवडाभर सौसरला शाळेचे गणवेश शिवायची आणि रविवारी बसनं पांढुर्ण्याला येऊन माझ्या दुकानामागच्या गोदामात हेवी मेटल गायची. 'वखर' हे आमच्या बँडचं नाव. गाणारी ती, ड्रमवर मी, आणि गिटारवर सावरगावचे दोघे भाऊ, ज्यांना आम्ही थोरला आणि धाकटा एवढंच म्हणतो. आम्हा तिघांचे काळे शर्ट तिनंच शिवले होते, आणि धाकट्याचं पोट सुटल्यावर तेच शर्ट उसवून मोठेही केले होते, वर चार माणसांसमोर त्याची खरडपट्टी काढत. लग्न तिनं केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "माहा रियाज रोजचा कोण सयन करन, बाप्पा?" आणि एवढं जोरात हसायची की विचारणारा पुन्हा तो विषय काढत नसे.

तिचा आवाज पोटातून यायचा, खर्जातला, खरखरीत, घरच्या भांड्यांना कापरं भरवणारा. असा आवाज काढायला शहरातली मुलं व्हिडिओ बघून शिकतात आणि महिन्याभरात घसा बसवून घेतात. नागपूरच्या एका पोरानं तिला मोठ्या अदबीनं विचारलं होतं, ताई, तुम्ही कोणाकडे शिकलात? "ज्वारीच्या वावरात," ती म्हणाली. त्याला ती थट्टा वाटली, पण ते अगदी खरं होतं. तिगावजवळ आबांचं वावर आहे. कणसात दूध भरलं की राघूंचे थवे उतरतात, आणि मग घरातलं कोणीतरी वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून दिवसभर राखण करतं. वैशाली शाळेत जायच्या वयापासून त्या माळ्यावर बसलेली. गळ्यातून ओरडलं तर तासाभरात आवाज जातो, म्हणून पोटातून ओरडायचं, हे तिला आबांनीच शिकवलं होतं.

राखणीची आमच्याकडे एक रीत आहे. पाखरं उडवायचं ओरडणं वेगळं आणि हाळी वेगळी. मधूनमधून एक माळा लांब हाळी देतो, होऽऽऽऽ, आणि शेजारच्या वावरातला माणूस हाऽऽव म्हणून ओ देतो. म्हणजे तो जागेवर आहे आणि बरा आहे. ओ आली नाही तर पुन्हा हाळी द्यायची. तरीही आली नाही तर माळ्यावरून उतरायचं आणि जाऊन बघायचं, मग मागे राघूंनी अख्खं वावर फस्त केलं तरी चालेल. आबांनी तरुणपणी असंच उतरून बघितलं, तेव्हा शेजारचा माणूस बांधावर पडलेला दिसला, साप चावलेला. त्याला गाडीत घालून नेलं म्हणून तो वाचला. त्यामुळे आबांच्या घरी बाकी कसलीही मस्करी चालायची, पण खोटी हाळी दिलेली चालत नसे.

आणि वैशालीनं नेमकी तीच गाण्यात घातली! गाण्याचं नाव 'राखण'. ऐन भरात आम्ही तिघेही एकदम थांबतो, ती हाळी देते, ओ येईपर्यंत वाट बघते, आणि ओ आली की मग शेवटचा कडाका सुरू होतो. पहिल्यांदा ते संत्रा मंडीच्या शेडमध्ये वाजवलं. अडते आणि हमाल सुरुवातीपासून कानात बोटं घालून बसले होते, दोघं-तिघं तर चपला शोधायलाही लागले होते. पण ती हाळी आली आणि अख्ख्या शेडनं सवयीनं हाऽऽव केलं. स्वतःचीच ओ ऐकून माणसं दचकली, मग हसली, आणि नंतर चपला शोधायला कोणी उठलं नाही. त्या दिवसापासून आम्ही पांढुर्ण्याचे झालो.

फक्त आबा आले नाहीत. कुठल्याच कार्यक्रमाला आले नाहीत. एकदा त्यांच्या अंगणात माझ्यासमोरच बापलेकीची जुंपली होती.

"हाळी राखणीले द्याची असते, वैशे. तमाशाले नाही."

"मी खोटी नाही देत, आबा. ओ येईपर्यंत वाट पाह्यते ना मी."

"अन् कोणी ओ नाही देल्ली त?"

"त उतरून पाहीन."

"पाह्यशीन?"

"पाहीन म्हणलं ना!"

आबा उठून गोठ्यात गेले. तिला त्यांचा राग आला नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. तिला फक्त एकच हवं होतं. तिची हाळी खोटी नाही, हे आबांनी मान्य करावं आणि एकदा तरी समोर बसून ओ द्यावी. दुनिया काय म्हणते याची तिला फिकीर नव्हती.

मग ते पुरस्काराचं प्रकरण आलं. संगीत कंपन्या मिळून दरवर्षी एक सोहळा करतात. त्यात 'सर्वोत्कृष्ट हेवी मेटल सादरीकरण' असाही एक पुरस्कार असतो. थोरल्यानं गोदामात फोनवर केलेलं आमचं रेकॉर्डिंग गुपचूप पाठवलं होतं आणि आमचं नाव चक्क शेवटच्या फेरीत आलं. बंगळुरूला जाऊन मंचावर वाजवायचं आणि तिथल्या तिथे परीक्षक ठरवणार. निघताना ती आबांच्या पाया पडली, तर ते म्हणाले, "तिथं तुले कोणी ओ देनार नाही. तवा पाहू." काकूंनी, म्हणजे वैशालीच्या आईनं, त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि आमच्या हातात दशम्यांचा डबा दिला.

बंगळुरूचं ते सभागृह थंडगार होतं, गाद्यांच्या खुर्च्या, कोट घातलेली माणसं. कानाला हेडसेट लावलेल्या, आयोजकांपैकी एका बाईंनी आम्हाला नियम समजावले. लाल दिवा लागला की संपवायचं, मंच सोडायचा नाही, नाहीतर बाद. वैशालीनं हो हो म्हणून मान हलवली. सांगतो, त्या दिवशी आम्ही जसं वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नाही. पुढच्या रांगेतले परीक्षक पुढे सरकून बसले होते. मग आम्ही थांबलो आणि तिनं हाळी दिली. लोकांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या! टाळ्या म्हणजे काही ओ नव्हे. त्या विरेपर्यंत ती थांबली आणि पुन्हा हाळी दिली. आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लाल दिवा लागला. माझ्या हातात काड्या तयार होत्या. मी नुसती सुरुवात केली असती तर पुरस्कार आमचाच होता, अजूनही माझं हेच म्हणणं आहे. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं, माइक स्टँडला अडकवला, आणि साडीचा पदर खोचून माळ्यावरून उतरावं तशी मंचावरून खाली उडी मारली.

पहिल्या रांगेत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, परीक्षकांपैकीच. त्यांच्यासमोर जाऊन तिनं विचारलं, "काऊन जी, बरं हाय ना तुमचं?" ते गांगरले, हात जोडले आणि म्हणाले, "जी... हाँ, हाँ, ठीक हूँ." ती आमच्याकडे वळून हात वर करून ओरडली, "देल्ली रे, वाजवा!" आणि आम्ही वाजवलं. आमचा आवाज आयोजकांनी केव्हाच बंद केला होता, नुसते ड्रम ऐकू येत होते, पण लोक उभे राहिले. पुरस्कार अर्थातच दुसऱ्यांना गेला. परतीच्या गाडीत मी तोंड फुगवून बसलो होतो, आणि ही दशमी खात म्हणते, "थो हो म्हनला ना, संज्या? मंग झालं त."

काकूंनी आबांना तो सोहळा फोनवर दाखवला होता. आम्ही तिगावला उतरून घरी गेलो, तेव्हा आबा अंगणात उभे होते. तिच्याकडे बघून म्हणाले, "उतरली तू."

"हाव."

"हात-पाय धू, जेवून घे." आणि मग, पाठ फिरवल्यावर, "यंदाचा तोडा झाला का येतो मी तुह्या कार्यक्रमाले."

त्या रात्री आनंदाच्या भरात ती जेवलीच नाही. नामांकनाचं आलेलं पत्रक तिनं फ्रेम करून शिलाई मशीनच्या वर लावलं, पण गिऱ्हाइकांना सांगायची ती आबा येणार आहेत हे. संत्र्याचा तोडा लांबला. मग पाऊस आला, मग आबांचा गुडघा दुखायला लागला... आणि मग तो फोन आला.

शोकसभा आम्ही मंडीच्या शेडमध्येच ठेवली. भाषणं झाली. तिची चांगली म्हणावी अशी ध्वनिफीत एकच होती, त्या बंगळुरूच्या संध्याकाळची, तीच लावली. आबा पहिल्या रांगेत काकूंशेजारी बसले होते, मान खाली घालून. गाणं ऐन भरात आलं, थांबलं, आणि कर्ण्यातून तिची हाळी आली. या शेडनं तिला ओ दिली नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र कोणाच्या गळ्यातून आवाज फुटेना. हमालांनी उपरणी तोंडाला लावली. मी आणि दोघे भाऊ जमिनीकडे बघत बसलो. बंगळुरूच्या टाळ्या वाजल्या, विरल्या. तिनं दुसऱ्यांदा हाळी दिली.

आबा खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि कर्ण्याकडे बघून पोटातून ओ दिली, हाऽऽऽऽव... ती विरली तशी हळूच म्हणाले, "हाव माय. बरं हाय आमचं. तू नको उतरू आता."

ध्वनिफितीत पुढे ती मंचावरून खाली उडी मारते. मी हात पुढे करून तिथंच ती बंद केली.