पायरीवर चढलेला आवाज

नव्या पेठेतल्या त्या कापडदुकानात गादीवर बसून साड्या बघायच्या असतात, म्हणून चपला पायरीखाली काढाव्या लागतात. माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला हा नियम मंजूर नव्हता. तिच्या पायात पाऊल टाकलं की पीं-पीं वाजणारे नवे सँडल होते. माझ्या आईनं वाकून त्यातला एक काढला आणि मुलगी पायरीवर आडवी झाली.

माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी आई, मी आणि मुलगी अशा तिघी खरेदीला आलो होतो. मागे रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या दुकानात सेलची रेकॉर्ड, आणि त्या सगळ्याच्या वरताण हिचं भोकाड.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा यंत्रमागावर कामाला होते आणि कामगारांच्या संघटनेत होते. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे; मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. बाबा सभेत न्याय मागायचे, पण ते जिन्यात खोकले की आम्ही बहिणी घरात गप्प व्हायचो. त्यामुळे मुलगी झाली तेव्हा मी एक कागद लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. तिला कधीच मारायचं नाही, ओरडायचं नाही, लालूच दाखवायची नाही, भीती घालायची नाही. खाली माझी आणि नवऱ्याची सही. आईनं तो वाचला आणि म्हणाली, "छापून वाट की गल्लीत." ती हसली, पण मी गंभीर होते. माझ्या मुलीला माझी भीती वाटू नये, एवढं एकच मला हवं होतं.

मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. हळू आवाजात म्हणाले, "तुला सँडल काढायचा नाही ना? कळलं मला." तिनं दुसरा पाय माझ्या गुडघ्यावर झाडला. मी परत तेच म्हटलं. तोवर चारपाच माणसं थांबली होती.

"लई हट्टी हाय की पोरगी," पिशव्या घेतलेली एक बाई म्हणाली.

"द्या की एक ठेवून. आत्ता गप हुती बघा," तिच्यासोबतची म्हणाली.

मी मान वर केली नाही. तेवढ्यात दुकानातला साड्या दाखवणारा माणूस दाराशी आला. मीटरपट्टी पायरीवर आपटून तो मुलीला म्हणाला, "ए बाई, पोलीस आलाय बघ पोतं घेऊन! रडणारी पोरं भरून न्यायला!"

मी उभी राहिले.

"लहान मुलांना भीती दाखवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"अवो ताई, चेष्टा केली."

"ही चेष्टा नाही. ही दहशत आहे! आज पोलिसाची भीती, उद्या मास्तराची, परवा मालकाची. अशीच माणसं आयुष्यभर मान खाली घालून जगतात!"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बराबर बोलल्या ताई." मग माझा आवाज सुटलाच. हॉर्न आणि रेकॉर्ड दोन्ही मागे पडले. खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. तो माणूस मीटरपट्टी पाठीमागे धरून ऐकत होता. मुलगी केव्हा गप्प झाली ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा वाटलं, आपण जिंकलो.

वळून पाहिलं तर ती आईच्या निऱ्यांत शिरली होती. दोन्ही हात कानांवर होते आणि डोळे माझ्यावर. मी उचलायला हात पुढे केला. ती मागे सरकली.

आई हळूच म्हणाली, "आवाज लई चढला गं तुझा."

"मी तिला नव्हते बोलत."

"तिला काय म्हाईत?"

गर्दी पांगली. मी पायरीवर बसले. तिचा एक सँडल माझ्या पायाशी पडला होता, त्याला मी हात लावला नाही. त्या माणसानं स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. ते तिनं आईच्या हातून प्यायलं आणि पिताना पेल्याच्या कडेवरून मला बघत राहिली.

मी त्याला म्हटलं, "तुम्ही बोललात ते मला पटलेलं नाही. पण मी ओरडायला नको होतं. चुकलं माझं."

"असू द्या ताई. घरी माझीबी दोन हायत," तो म्हणाला आणि आत साड्यांचे ढीग लावायला गेला.

आई तिला घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर टेकली. थोड्या वेळानं मुलगी एक पाऊल पुढे आली.

"आई ओलडनार?"

"नाही."

"आत्ता?"

"आत्तापण नाही."

"उद्या?"

कधीच नाही, हे तोंडावर आलं होतं. दारावरच्या कागदावर ते तसंच लिहिलेलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे इतकी निरखून बघत होती की मला ते म्हणवेना.

"उद्या कदाचित ओरडेन. ओरडले तर तू माझ्या तोंडावर हात ठेव. मी गप्प बसेन."

तिनं लगेच ठेवून बघितला. तळहात ओला होता, पायरीची धूळ लागलेला. मी गप्प बसले. तिनं काढला, मी "बरं" म्हटलं, तिनं परत ठेवला. एव्हाना आत गेलेली आई गादीवर बसून दोन साड्यांत अडली होती आणि मला विचारत होती, हिरवी घेऊ की जांभळी. मला उत्तर देता येत नव्हतं. मुलगी माझ्या मांडीवर चढून बसली होती आणि हात काढायला तयार नव्हती.