थोरातबुवांचा अर्धा तास

श्री. प्रभाकर दानिएल थोरात यांची आणि माझी पहिली भेट उज्जैन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात झाली. माझी नवी पेटी मिरजेहून रेल्वेने आली होती, ती सोडवायला मी गेलो होतो. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पावती वाचली आणि खास नगरकडच्या मराठीत विचारलं, "मोघे, ही पेटी शोभेला ठेवणार की वाजवणार?" गणेशोत्सवात कीर्तनाला साथ करतो, असं मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग माझ्या कीर्तनाला याल का? माझे पेटीवाले बदली होऊन रतलामला गेलेत." मी नाव विचारलं. त्यांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं आणि माझा चेहरा बघून हसले. "हो, दानिएल. कीर्तन मी त्यांच्याकडूनच शिकलो. आता पेटी न्या, मागे लाइन लागलीय."

ख्रिस्ती माणूस कीर्तन करतो, हेच मला नवीन होतं. नगरकडे ही परंपरा जुनी आहे म्हणतात. आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे. शिंद्यांच्या दप्तरात कारकुनी करायला आलेल्या घरातले, मराठीही अर्धी हिंदीत बोलणारे. मी गेलो तो निव्वळ कुतूहलापोटी. पांढरं धोतर, काळा कोट, खांद्यावर उपरणं आणि हातात झांज घेऊन थोरातबुवा उभे राहिले. नमन झालं, पूर्वरंगात क्षमेवर निरूपण झालं आणि उत्तररंगात त्यांनी येशूच्या आईचं आख्यान लावलं. डोळ्यांदेखत मुलाला खिळे ठोकले जात असताना उभी राहिलेली ती बाई त्यांनी अशी समोर आणली की माझी पेटीवरची बोटं थांबली. बुवांनी झांजेवरच ताल धरून मला सांभाळून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांचा पेटीवाला झालो, तो आजतागायत आहे.

हा गौरवग्रंथ बुवांच्या पंचाहत्तरीच्या सत्कारानिमित्त निघतो आहे. आमच्या मराठी समाजाच्या सत्कार समितीच्या अध्यक्षांनी लेख मागितला तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं, "मोघे, लेख मस्त होऊन जाऊ द्या. रेल्वेची नौकरी, समाजसेवा, स्वभाव, सगळं येऊ द्या. फक्त ते कीर्तनाचं जरा राहू द्या. वातावरण ठीक नाहीये, तुम्हाला तर मालूमच आहे." मला मालूम आहे. म्हणूनच कीर्तनाचं लिहितो आहे. संपादकांना कात्री लावायची असेल तर त्यांनी लेख सबंधच गाळावा, अर्धा छापू नये.

रेल्वेतल्या नोकरीबद्दल आधी लिहितो, कारण तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. सिंहस्थात स्टेशनवर माणसांचा पूर आला की हरवलेल्या म्हाताऱ्यांना बुवा पार्सल ऑफिसातल्या पोत्यांवर बसवून घेत, चहा पाजत आणि त्यांचं गाव, आखाडा, पंड्याचं नाव हळूहळू काढून घेत. एकदा बुंदेलखंडाकडच्या एका आजींना त्यांनी स्वतः रामघाटावर नेऊन पोचवलं. घाटावर आजींनी हट्टच धरला की बेटा, तूही डुबकी मार. बुवा म्हणाले, "माँजी, मेरा नहाना हो गया। आप नहाओ, मैं कपड़े सँभालता हूँ।" आणि ते कपडे सांभाळत बसले. हे मला खुद्द तिथल्या पंड्यांनी सांगितलं. बुवा स्वतःहून असलं काही सांगत नाहीत.

माझ्या घरावर त्यांचे उपकार आहेत. माझ्या आईची दृष्टी गेली तेव्हा पुण्याचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन पार्सलने यायचं. ऑफिस सुटल्यावर बुवा ते घेऊन आमच्याकडे येत आणि आईला अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत वाचून दाखवत. आई मुलखाची कर्मठ. तीही म्हणायची, "थोरात आले नाहीत तर पेपर आल्यासारखा वाटत नाही रे." तिच्या शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं होतं, "आजी, तुमच्यासाठी माझ्या पद्धतीनं प्रार्थना केली तर चालेल का?" आई म्हणाली, "करा, पण मनातल्या मनात." त्यांनी ती मनातल्या मनात केली. देव गळ्यातून यावा, कोणाच्या गळ्यात मारू नये, हे त्यांचं नेहमीचं वाक्य आहे आणि ते तसे वागतातही.

आता अध्यक्षांना नको असलेला भाग. मी साथीला लागल्यावर आमच्या मराठी समाजाच्या फ्रीगंजमधल्या सभागृहात दर नाताळच्या आठवड्यात बुवांचं कीर्तन होऊ लागलं. आमच्यातले पुष्कळजण हौसेनं यायचे. मध्यंतरात रीतीप्रमाणे समाजाचे अध्यक्ष बुवांना हार घालून बुक्का लावायचे. पुढच्या रविवारी चर्चमध्ये नवे पास्टर त्यांना विचारायचे, "थोरात, कपाळावर ते काळं काय होतं?" बुवा एकदा वैतागून म्हणाले, "बुक्का होता. धुतला की जातो. तुमचा राग कशानं जाईल ते सांगा." या पास्टरांनी चर्चमध्ये इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला होता, गिटार आणली होती आणि गाणी परदेशी चालींवर सुरू केली होती. झांज ही त्यांच्या मते 'अन्यधर्मीयांची रीत'. आमच्याकडे कुजबुज उलटी: आमची रीत पळवून आमचीच माणसं बाटवायचा डाव आहे. माझ्या चुलत्यांनी तर मला जेवणाच्या पंगतीत "काय रे, बाटलास की बाकी आहे?" असं विचारून सगळ्यांना हसवलं होतं. मला हसू आलं नाही.

मग ती गोष्ट घडली. केबल टीव्ही नुकताच घरोघरी आला होता आणि कीर्तनाला माणसं कमी होऊ लागली होती, म्हणून आमच्या उत्साही चिटणिसांनी टावर चौकात फळा लावला: 'कीर्तन, सबका स्वागत'. कोणाचं कीर्तन, ते लिहायला ते विसरले. त्या दिवशी भैरवगढचे एक कापडछपाईवाले शेठ बाजारात आले होते. झांज ऐकून आत आले, पण नमन संपल्यावर. येशूचं नाव बुवा नमनात आणि अगदी शेवटीच घेतात. आख्यानात मात्र 'ती आई' आणि 'तिचा मुलगा' एवढंच येतं. बुवा समोर हिंदी माणसं दिसली की अधूनमधून हिंदीत येत, त्यामुळे शेठना सगळं कळत होतं. ते पहिल्या रांगेत बसून लहान मुलासारखे रडले. शेवटच्या प्रार्थनेत नाव आलं तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "ये किसकी कथा थी?" शेजाऱ्याने सांगितलं. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. त्यांना कथेचा राग आला नव्हता, आपण रडलो याचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात शेठची तक्रार गेली: कीर्तनाच्या नावाखाली प्रचार. धर्मांतराचा कायदा आमच्या राज्यात जुना आहे आणि त्याचं नाव काढलं की भले भले गप्प होतात. बुवांबरोबर मी गेलो. अधिकारी सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "बुवाजी, सीधा बताइए, ये कीर्तन है कि प्रचार?"

बुवा म्हणाले, "साहब, आपके मोहल्ले में जो कीर्तन होता है, वो किसी का प्रचार नहीं है क्या? मैं जिसको मानता हूँ, उसी की बात करूँगा। किसी को बुलाकर पानी तो नहीं छिड़कता।"

अधिकारी हसले. "बात सही है, पर कागज पे ऐसा मत बोलना।" मग त्यांनी अट घातली की सुरुवातीलाच, हिंदीत, कथा कोणाची आहे ते मोठ्यानं सांगायचं. बुवांनी आनंदानं शब्द दिला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मोघे, बघा, सरकारनं मला नाव घ्यायला सांगितलं. पास्टरसुद्धा एवढा आग्रह करत नाहीत."

पुढच्या नाताळात बुवा झांज खाली ठेवून म्हणाले, "सज्जनो, यह येशु मसीह की कथा है। जिनको उठना हो, वे अभी उठ जाएँ, मैं बुरा नहीं मानूँगा।" आणि ते खरोखरच थांबले. काही माणसं उठली. त्यांच्या चपला सापडेपर्यंत बुवा थांबले. त्यानंतरच्या वर्षी आमच्या समाजाने सभागृह द्यायचं बंद केलं. "बुवा, आम्हाला काही नाही, पण लोक नाराज होऊन जातात," एवढं स्पष्टीकरण. चर्चचा हॉल पास्टरांनी आधीच नाकारला होता. कोणी सुचवलं, भोपाळला अल्पसंख्याकांच्या आयोगाकडे अर्ज करा. बुवा म्हणाले, "हॉल भोपाळहून मिळाला तर ऐकायला पोलीस बसतील. मला तुम्ही बसायला हवे आहात."

आमचं सभागृह मात्र रिकामं राहिलं नाही. दिवस बदलले होते. तिथे साड्यांचे सेल लागले, परदेशी नोकरीचं मार्गदर्शन झालं. साबण विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं त्याच स्टेजवरून आमच्या लेकीसुनांना श्रीमंत व्हायचा मंत्र दिला, हात वर करून शपथा घेववल्या, आणि पुष्कळजणी त्याच्या पंथाला लागल्याही. त्याला कोणी प्रचार म्हटलं नाही. त्याला कोणी ठाण्यात बोलावलं नाही.

बुवांचं कीर्तन त्यांच्या बाहेरच्या खोलीत आलं. तिथे एका रविवारी भैरवगढचे तेच शेठ आले. त्यांचा तरुण मुलगा आग्रा रोडवर ट्रकखाली गेला होता. उंबऱ्यात उभे राहून ते म्हणाले, "बुवाजी, वो माँ वाली सुना दो।"

बुवांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मला पेटी काढायला सांगितली. मग हात जोडून म्हणाले, "शेठजी, पहले बता दूँ, यह येशु मसीह की कथा है। उठना हो तो..."

"नाम मालूम है," शेठ म्हणाले. "आप बोलो।"

ठाण्यात दिलेला शब्द या माणसानं स्वतःच्या घरात, मुलगा गेलेल्या बापासमोरही पाळला. त्या दिवशी आख्यान कसं झालं ते मी लिहू शकत नाही. वाजवताना मला समोरचं काही दिसत नव्हतं. शेठ जाताना बुवांच्या पाया पडायला वाकले, बुवांनी त्यांना मिठीत घेतलं.

इथे थांबलो तर लेख गोड होईल आणि अध्यक्षही खूश होतील. पण पुढचं सांगायला हवं. काही महिन्यांनी मी त्या शेठकडे गेलो. तक्रार तुमची होती, आता तुम्हीच समाजाला सांगा की हरकत नाही, सभागृह द्या, अशी विनंती केली. त्यांनी मला चहा पाजला, बुवांची तब्येत विचारली. मग म्हणाले, "मोघेजी, घर की बात अलग है, पब्लिक की अलग।" मी संतापलो. बुवांना येऊन सांगितलं, तर ते नुसते म्हणाले, "घरात तर आले ना?" मला त्यांच्याइतकं क्षमाशील होता येत नाही आणि व्हायचंही नाही. या शहराचा सर्वधर्मसमभाव शेठच्या त्या एका वाक्यात मावतो. आमच्या सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेवर तो सोनेरी अक्षरांत छापला आहे, आणि त्याखाली बुवांची ओळख 'निवृत्त रेल्वे कर्मचारी व समाजसेवक' अशी आहे. कीर्तनकार हा शब्द नाही.

सत्काराला काय हवं, असं मी बुवांना विचारलं होतं. शाल नको म्हणाले, घरात चार पडल्या आहेत. "अर्धा तास मिळेल का? गुडघे आता तेवढंच उभं राहू देतात. पूर्वरंग सोडून देतो, नुसतं आख्यान लावतो." मी हा निरोप समितीला दिला. अध्यक्ष म्हणाले, "मंत्रीजी येऊन राहिलेत, टाइम कुठे आहे? आणि सत्कार त्यांचाच आहे, मग त्यांनी कशाला मेहनत करावी?" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

म्हणजे ज्या स्टेजवर बुवांना उभं राहू दिलं नाही, त्याच स्टेजवर आम्ही त्यांना मखमली खुर्चीवर बसवणार आहोत. त्यांच्याबद्दल सगळे बोलतील. ते ज्याच्याबद्दल बोलत आले, त्याचं नाव कोणी घेणार नाही. बुवा येणार आहेत. रागावणार नाहीत, हार घालून घेतील, आणि कोणी बुक्का लावला तर कपाळही पुढे करतील.

अशा प्रसंगी दीर्घायुष्य चिंतण्याची रीत आहे, आणि माझ्याइतक्या स्वार्थानं ते कोणी चिंतलं नसेल. बुवा, खूप जगा. आवाज तुमचा अजून खणखणीत आहे, त्याची मला काळजी नाही. माझा देव आणि तुमचा देव, दोघांकडे माझं मागणं एकच आहे: या समितीपेक्षा तुमचे गुडघे जास्त टिकोत.