शेवटची सायकल

"गाडी चालवाय कुणालाबी येती. थांबवाय येती का बोला."

असं म्हणत ते तुमची सायकल तुमच्या हातातून काढून घ्यायचे. पुढचा ब्रेक दाबून ती जोरात पुढे ढकलायचे. मागचं चाक जमिनीवरून वीतभर उचललं गेलं की समाधानाने परत द्यायचे. उचललं नाही, तर सायकल तिथेच उलटी उभी राहायची आणि पिशवीतून पाना निघायचा. अकरा सायकली, रोज सकाळी. कुणी घाईत असो, कुणी चिडलेलं असो, सुटका नसे.

आम्ही त्यांना मेजर म्हणायचो. आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. तुम्हीही असे चार-पाच ओळखत असाल. त्यांना ते पसंत नव्हतं. "मेजर न्हवं. डायव्हर हवालदार," असं ते दर वेळी सांगायचे, आणि मेजर म्हणून हाक मारली की दर वेळी ओ द्यायचे.

इस्लामपूरच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, तिथली बस ते चालवत. गाव शिराळ्याकडचं, डोंगराच्या कुशीतलं. बसायला ड्रायव्हरची सीट, पण मान सतत काचेतून वर. झाडाची फांदी, विजेची तार, डोंगराची कड. मी एकदा विचारलं, "रस्ता खाली आहे मेजर, वर काय बघता?"

"रस्ता कुठं जातुय गुर्जी. येणारं असतंय ते वरनं येतंय."

अशी वीस वर्षं त्यांनी सिक्कीमच्या घाटांत ट्रक चालवण्यात काढली होती. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच, स्टाफरूमच्या पायरीवर चहा पिताना म्हणाले, "म्होरं गाडी हुती. मी गिअर बदलाय खाली बघितलं. वर बघितलं तर गाडी न्हवती." मी पुढचं ऐकायला थांबलो. त्यांनी कप पालथा घातला आणि बस धुवायला गेले.

एका पावसाळ्यात ओढ्यावरच्या पुलावरून दोन बोटं पाणी वाहत होतं. त्यांनी बस अलीकडे उभी केली. ओठ हलवत मोजून घेतलेली चाळीस मुलं आत. मागून ट्रॅक्टर आले, दुधाची गाडी आली, सगळे पलीकडे गेले. मेजर हलले नाहीत. दीड तास मुलांकडून पाढे म्हणवून घेत बसले. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर झाडलं. पूल तर जागच्या जागी होता. शिपायांनी आठवडाभर चेष्टा केली, "काय मेजर, पडला का पूल?"

"न्हाई पडला. बरं झालं की," एवढंच ते म्हणाले. त्यांचं सावधपण असं नेहमी खोटं पडायचं. आम्हाला त्याची सवय झाली होती. पुढे जे झालं त्यात या सवयीचाही हात होता.

निवृत्तीनंतर ते आमच्या सायकलवाल्यांत आले. पहाटे इस्लामपूर ते आष्टा आणि परत, असा आमचा नेम. काशीहून गंगाजल घेऊन नेपाळात पशुपतिनाथाला सायकलने जायचं, ही कल्पना सरांची. सर कॉलेजात शिकवत, आमच्या गटाचे प्रमुख. उत्साही, हिशोबी, चांगला माणूस. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोक त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलले. आष्ट्याचे भांड्यांचे व्यापारी अण्णा स्वतः जैन, पण "यात्रा ती यात्रा," म्हणून तयार झाले आणि गंगाजलासाठी तांब्याचा बंद लोटाही त्यांनीच दिला. मेजरांनी एकच अट घातली.

"मी सगळ्यांच्या मागं ऱ्हाणार. माझी सायकल शेवटची."

आम्ही अकरा जण निघालो. दहा परत आलो.

काशी ते सोनौली हे दिवस सपाट गेले. उसाची शेतं बघून घरचीच आठवण व्हायची. सरहद्दीवर मात्र मेजरांचं एक वेगळंच रूप दिसलं. नेपाळी शिपायाला त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "खाना खानुभयो?" जेवलात का, असं आपल्या भाषेत विचारलेलं ऐकून पोरगेला शिपाई हसायलाच लागला. गोरख्यांबरोबर राहून उचललेली दहा-बारा वाक्यं त्यांनी तिथे सगळी खर्च केली. पुढे घड्याळं लावायची वेळ आली. नेपाळात वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. मेजरांनी घड्याळाला हात लावला नाही.

"परत जाताना पंधरा मिनटं परत मिळत्यातच की. मग कशाला फिरवाय लावता काटं?"

आम्ही खूप हसलो.

नारायणगढ सोडल्यावर रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने डोंगरात शिरतो. डाव्या हाताला नदी, उजवीकडे सरळ उभा डोंगर. पावसाळा सरला होता म्हणतात, पण रात्रभर पाऊस पडत होता. नदीचं पाणी चिखलासारखं जाड होतं आणि त्यातून आख्खी झाडं जात होती. जागोजाग कठड्यावर सुकलेल्या झेंडूच्या माळा टांगलेल्या. मी अण्णांना विचारलं, "इथे कसला देव?" अण्णांनी माळेखालचे दोन-तीन फोटो बघितले आणि पायडल मारलं.

नऊच्या सुमारास मागून शिट्टी आली. मेजरांच्या गळ्यात बसच्या वेळेपासूनची शिट्टी असायची. आम्ही थांबलो.

"अर्ध्या तासात समोरनं एक तरी गाडी आली का?"

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. खरंच आली नव्हती. पुढे वळणापलीकडे दीडशे पावलं डोंगर सोललेला दिसत होता. झाड नाही, गवत नाही, नुसती ओली तांबडी माती. मेजर एकटेच चालत गेले, कड्यातून झिरपणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरली आणि ती तशीच आमच्याजवळ घेऊन आले.

"बघा. निवळ असतं तर चाललं असतं. गढूळ हाय. आतनं माती सुटाय लागली."

जवळच्या टपरीत बसलो. टपरीवाली बाई चुलीपुढून उठत नव्हती, पण तिचं कपड्यांचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. मी ते बघितलं. कुणाला बोललो नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. पाऊस थांबला. ऊन पडलं. काहीही झालं नाही. मग समोरून दोन मोटारसायकली आल्या, पाठोपाठ प्रवाशांनी भरलेली बस आली आणि चिखल उडवत निघून गेली.

सर उठले. "मेजर, रस्ता चालू आहे. उद्या घटस्थापना. पशुपतीला उद्या पोचायचं ठरलंय आपलं."

"देव कुठं जातुय सर? परवा जाऊ."

"तुमचा पूल तरी कधी पडला होता?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

मेजरांनी आमच्याकडे एक-एक करून बघितलं. मला वाटलं होतं ते भांडतील. ते म्हणाले, "बरं. पन माझ्या रीतीनं. सायकल हातात, एका वक्ताला एकच माणूस, बोलायचं न्हाई. मी वर बघत ऱ्हातो. शिट्टी वाजली की सायकल टाकून पळायचं."

सर पहिले गेले. मग एकेक. मेजर अलीकडच्या टोकाला मान वर करून उभे होते. त्या दीड तासात त्यांनी एकदाही मान खाली केली नाही. तिसऱ्या माणसाच्या वेळी मुठीएवढे दोन दगड घरंगळले. मेजरांनी हात वर केला, वीस मिनिटं सगळं थांबवलं, मग परत सोडलं. अण्णा लोटा छातीशी धरून पलीकडे पोचले.

दहावा मी. निघताना त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. दोरी घामाने ओली होती.

"गुर्जी, तिकडं पोचला की वर बघायचं. माझ्याकडं न्हाई. वर. काय बी हाललं की फुकायची."

"हो."

"माझ्याकडं न्हाई," ते पुन्हा म्हणाले.

मी पोचलो. वळलो. वर बघितलं. तांबडी माती, तिच्या माथ्यावर एक वाकडं झाड, त्यामागे धुकं. शिट्टी ओठांत धरली आणि हात केला. मेजर निघाले.

मी किती वेळ वर बघितलं? मनातल्या मनात पुष्कळदा मोजलं आहे. तीस पावलं त्यांची झाली असतील. मग मी खाली बघितलं. चित्रं काढायला माणसं बघायची मला सवयच आहे, तिच्यावरच माझं पोट चालतं. पण तेही कारण खरं नाही. मला त्यांची काळजी वाटत होती. ते नीट चालत आहेत ना, एवढंच मला बघायचं होतं.

वाळूचा ट्रक रिकामा करताना होतो तसा आवाज आला. मी शिट्टी फुंकली. तोवर माथ्यावरचं झाड रस्त्यावर होतं, आणि मग रस्ताही नव्हता. समोर ओल्या मातीचा उतार, सरळ नदीपर्यंत. मातीचा थंड, बुरशीसारखा वास आला. सर धावत पुढे गेले, अण्णांनी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं.

नेपाळच्या जवानांनी दोन दिवस शोधलं. दोर बांधून ते पार पाण्यापर्यंत उतरत होते. काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच पुढे जावंसं वाटेना. अण्णांनी लोट्याचं झाकण काढलं आणि गंगाजल तिथेच त्रिशूलीत ओतलं.

परत आल्यावर सगळे मिळून मेजरांच्या घरी गेलो. दरड अचानक आली, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं सर सांगत होते. मी भिंतीला टेकून गप्प बसलो. काकी, म्हणजे मेजरांची बायको, ऐकत होत्या आणि मध्येच प्रत्येकाला "च्या घ्या," म्हणत होत्या.

महिन्याभराने मी एकटा गेलो. दुपारची वेळ. काकी अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. शिट्टी माझ्याकडे होती. वर बघायचं मला दोनदा बजावलं होतं. मी वर बघितलं नाही.

त्यांचे हात थांबले. उठून निघून जावं, असं मला वाटलं.

"मग कुठं बघत हुता तुमी?"

"त्यांच्याकडे."

"शेवटपत्तूर?"

"हो."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आवं, मला वाटलं हुतं, त्यास्नी जाताना कुणी बघितलंच न्हाई. समदी म्हणत्यात, काय दिसलंच न्हाई." मग शेंगांचा वेल बाजूला सारून त्या माझ्या जरा जवळ सरकल्या. "सांगा की मग. कसं दिसत हुतं?"

मी सांगितलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. टोपी काढून हँडलला अडकवलेली. डावा हात हँडलवर, उजवा सीटवर, गोठ्याकडे बैल नेतात तशी सायकल अंगाला लावून धरलेली. चाल सावकाश. आणि अर्ध्या वाटेवर त्यांना आम्ही दहाच्या दहा पलीकडे उभे दिसलो, तेव्हा ओठ हलत होते.

"मोजत हुते," काकी म्हणाल्या.